एका हाताचं पान

आमच्या ऑफिसात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे 'करूनबघू' म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. कुणी काहीही सांगितलं की तिचं उत्तर ठरलेलं असतं: "करून बघू." खिडकी घट्ट बसलीये, उघडणार नाही म्हणून सांगा, करून बघू. पेनातली शाई संपलीये म्हणा, करून बघू. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं लोक म्हणतात. ही बाई कांकणापुढेही आरसा धरेल आणि मगच हो म्हणेल.

ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. खालून दिवसभर चाकं फिरवल्याचा आवाज येतो आणि वर आम्ही काही मोजकी माणसं एक टेक्स्ट एडिटर बनवतो. टेक्स्ट एडिटर म्हणजे कॉम्प्युटरवरचं कोरं पान, ज्यांचं आयुष्य अक्षरं बडवण्यात जातं त्यांच्यासाठी. त्या पानाला वरून जोडायचे छोटे छोटे भाग असतात, त्यांना पॅकेज म्हणतात. कुणाला शुद्धलेखन तपासणारं पॅकेज हवं, कुणाला रंग बदलणारं. प्रत्येक पॅकेजची आपली सेटिंग्ज, आणि प्रत्येक सेटिंग कसं वापरायचं ते सांगणारं एक मदतीचं पान. ही पानं करूनबघू लिहिते. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते आणि एडिटरमधल्या चुका शोधते. माझ्या स्वभावाला साजेशी नोकरी मिळालीये, असं आमची वहिनी म्हणते. खोटं नाही ते.

इथे यायच्या आधी करूनबघू शिलाई मशीनच्या कारखान्यात माहितीपुस्तकं लिहायची. तिथेही हाच खाक्या. काजं करायच्या पट्टीबद्दल लिहिण्याआधी तिनं स्वतः काजं केली, आणि कापड कमी पडलं तेव्हा नवऱ्याचे शर्ट घेतले. त्या वर्षी त्या गरिबाच्या प्रत्येक शर्टाला नको तिथे काजं होती. तो अजून सांगतो, की लग्नातला हार तेवढा बायकोनं थेट घातला, बाकी सगळं तिनं आधी करून बघितलं.

आमच्याकडे आल्यावर तिनं एक नियम केला. ज्या सेटिंगबद्दल लिहायचं, ते आधी चालू करायचं आणि त्याच्यासोबत एक अख्खा दिवस काम करायचं. मग लिहायचं. अक्षर मोठं करण्याच्या सेटिंगचं पान लिहिताना तिच्या पडद्यावर एका वेळी दोनच शब्द मावत होते आणि ती दिवसभर त्या दोन शब्दांच्या खिडकीतून सगळं ऑफिस चालवत होती. मजकूर वाचून दाखवणारं पॅकेज आलं, तेव्हा तिनं पडदा बंद केला आणि कानाला हेडफोन लावून बसली. एकदा तर बटण दाबलं की टाईपरायटरसारखा खटखटाट करणारं पॅकेज होतं. त्या दिवशी आमच्यातले निम्मे लोक खाली सायकलवाल्याकडे जाऊन बसले.

मी तिला म्हटलं होतं, "अगं, ही पानं वाचतं कोण? लोक थेट बटणं दाबत सुटतात."

"सुटतात," ती म्हणाली. "आणि अडले की वाचतात. आनंदात असलेला माणूस मदतीचं पान कशाला उघडेल? आपलं प्रत्येक वाक्य कुणीतरी एकटं बसून, वैतागून वाचणार आहे. त्याला माझ्याकडून चुकीचं काही कळलं, तर तो मला शिव्या देणार नाही. स्वतःलाच मूर्ख समजेल."

मी हसले होते. मला ते जरा जास्तच वाटलं.

आता आमच्या घरचं सांगायला हवं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात प्रोग्राम लिहितो. शहरातली कुठली बस कुठून किती वाजता सुटायची, ते त्याच्या प्रोग्राममधून ठरतं. आमच्याच एडिटरमध्ये लिहितो, मी इथे नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून. मागच्या वर्षी त्याला मेंदूचा झटका आला. उजवं अंग गेलं. पाय हळूहळू परतला, वाचा शाबूत राहिली, पण उजवा हात काही परतला नाही. तो मांडीवर पडून असतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

त्याच्या ऑफिसनं बरेच दिवस खुर्ची राखून ठेवली. मग पत्र आलं. महिनाअखेरीपर्यंत कामावर या, नाहीतर तुम्हाला चौकशी खिडकीवर बसवू, पगार तोच राहील. पत्र चांगल्या मनानं लिहिलेलं होतं, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती. चौकशी खिडकीवर बसण्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्यानं आयुष्यभर गाड्या कधी सुटायच्या ते ठरवलं, त्यानं आता त्या सुटल्या की नाही एवढंच सांगायचं. त्या दिवसापासून दादानं बसस्टॉपवरून जाणारा रस्ता सोडला.

आमच्या एडिटरला 'एकहाती' नावाचं पॅकेज आहे. त्यात कीबोर्डवरची खालची लांब पट्टी अंगठ्यानं दाबून धरली, की डाव्या बाजूच्या बटणांतून उजव्या बाजूची अक्षरं उमटतात. म्हणजे सगळं लिखाण एका हातानं. मी दादाला त्याबद्दल सांगितलं. पॅकेज त्याच्या लॅपटॉपवर आधीच टाकलेलं होतं, फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं होतं. तो म्हणाला, "माझं मी बघेन." एका सकाळी दार लावून बसला. बाहेर आला तेव्हा लॅपटॉप काखेत होता. त्यानं तो एका हातानं कपाटावर सरकवून ठेवला.

"तुमचं ते पॅकेज काही कामाचं नाही."

"काय झालं? दाखव मला."

"विषय संपला, बारके. आणि माझ्या हाताची चर्चा तुझ्या ऑफिसात नकोय."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा आमचा दादा. तो मला बारके म्हणतो तेव्हा पुढे बोलण्यात अर्थ नसतो. वहिनीनं पत्राचं उत्तर लिहायला घेतलं. खिडकी चालेल, असं. ती रोज ते उत्तर काढायची आणि तसंच परत पाकिटात ठेवायची.

त्याच सुमारास आमच्या एडिटरची नवी आवृत्ती निघायची होती. नव्या आवृत्तीत सगळी सेटिंग्ज जुन्या जागेवरून नव्या जागी हलवली होती, त्यामुळे मदतीचं प्रत्येक पान नव्यानं तपासणं आलं. आमच्या साहेबांना आम्ही घाईसाहेब म्हणतो. माणूस सोन्यासारखा, पण जेवतानाही घड्याळ बघतो. ते म्हणाले, "प्रत्येक पान जगत बसायला वेळ नाही. जुना मजकूर उचला, नव्या जागा घाला, पुढे चला."

"करून बघू," करूनबघू म्हणाली आणि आपल्याच पद्धतीनं कामाला लागली.

एका सकाळी मी आले तर ती खुर्चीत बसली होती आणि तिच्या गळ्यातला रुमाल टेबलावर होता. मला म्हणाली, "ये. माझा उजवा हात खुर्चीला बांध."

"काय?"

"आज एकहातीचं पान आहे. घट्ट बांध. सैल राहिला तर मी लबाडी करेन, मला माहितीये."

मी बांधला. दादानं सांगू नकोस म्हटलं होतं, म्हणून मी गप्प होते.

तिनं जुनं पान उघडलं आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली. "सर्वप्रथम, सेटिंग उघडण्यासाठी डाव्या कोपऱ्यातली दोन बटणं आणि उजव्या टोकाचं बटण एकत्र दाबा."

आमच्या प्रत्येक मदतीच्या पानाची सुरुवात याच ओळीनं होते. साच्यातली ओळ. कुणीतरी कधीतरी लिहिली आणि ती सगळ्या पानांवर आपोआप उमटत राहिली. तिनं डावा हात पसरला. अंगठा आणि करंगळी ताणून ताणून बघितली. दोन बटणं दाबली जायची, तिसरं राहायचं. तिसरं गाठलं की पहिलं सुटायचं. मग तिनं वाकून तिसरं बटण नाकानं दाबून बघितलं आणि चष्मा घसरून खाली पडला. सगळे हसले. तीही हसली. तिनं पुन्हा तसंच करून बघितलं. हळूहळू हसणं थांबलं, कारण कोपऱ्यातल्या प्रोग्रामरपासून चहा ओतणाऱ्या घाईसाहेबांपर्यंत एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. आमचं पान वाचून एका हातानं लिहायचं पॅकेज चालू करायला दोन हात लागत होते.

वर्षानुवर्षं लागत होते. आम्ही सगळे ती ओळ रोज बघत होतो आणि रोज दोन्ही हातांनी ती बटणं दाबत होतो. वरच्या मेनूतून जावं म्हटलं, तर आमच्या एडिटरात मेनूची पट्टी पहिल्यापासून लपवून ठेवलेली, आणि ती दाखवायचं सेटिंग त्याच बंद दाराच्या आत.

मी उठले आणि म्हणाले, "सरक, मी दाबते तिसरं."

"नको," ती म्हणाली. "तू दाबू नकोस. त्याच्याजवळ तू नसशील."

ती एका अनोळखी माणसाबद्दल बोलत होती. तो कोण, कुठला, तिला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी त्याच्याजवळ होते, भिंतीच्या पलीकडे होते, आणि त्यानं मला हाक मारली नव्हती. पॅकेज कामाचं नाही असं तो म्हणाला, तेव्हा तो पॅकेजपर्यंत पोचलाच नव्हता. दार लावून, एकटा, पहिल्याच ओळीवर बसला होता. मी जिन्यात गेले आणि कठड्याला धरून रडले. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता.

परत आले तेव्हा करूनबघू तशीच बसली होती. दुपारपर्यंत बसली. तिला उत्तर शोधून देणारे पाच जण खोलीत होते, पण तिनं कुणालाही विचारलं नाही. शेवटी तिला एडिटरच्या अगदी खालच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचं एक बारीक चित्र सापडलं. त्यावर माऊसनं दोनदा टिचकी मारली की सेटिंग उघडतं. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. म्हणूनच कुणी लिहिलं नव्हतं.

कुणालाही वाटलं असतं, काम झालं, आता हात सोडा. तिनं सोडला नाही. पानात पुढे बरीच सेटिंग्ज होती, आणि प्रत्येकासोबत दिवस काढणं हा तिचा नियम होता. रोज सकाळी ती माझ्याकडून हात बांधून घ्यायची आणि संध्याकाळी सोडवून घ्यायची. लिहायचं तेही डाव्या हातानं, त्या पॅकेजमधूनच. तिचा कप टेबलाच्या डाव्या बाजूला गेला. केसांचा चाप तिनं लावायचाच सोडला. पहिल्या दिवशी तिची एक ओळ व्हायला इतका वेळ लागला, की बघणाऱ्यालाच घाम फुटावा. एकदा तिनं रागानं टेबलावर मूठ आपटली. मी तिला त्याआधी कधी रागावलेलं बघितलं नव्हतं. खरं सांगते, मी रोज तिच्याकडे बघून थक्क होत होते. देवासमोर उभं राहिल्यावर जे वाटायला हवं असं लोक सांगतात आणि मला कधी वाटलं नाही, ते मला एका रुमालानं बांधलेल्या हाताकडे बघून वाटत होतं.

घाईसाहेब एकदा तिच्या टेबलाशी आले. "बाई, एका पानासाठी एवढं? बाकीची पानं कोण बघणार?"

"बाकीच्या पानांवरही पहिली ओळ तीच आहे. ती साच्यातूनच बदलावी लागेल."

"अहो, पण ती पानं काही एका हातवाल्यांसाठी नाहीत."

"ज्याला एक हात आहे, त्याला शुद्धलेखन तपासायचं नसतं का?"

घाईसाहेबांनी घड्याळ बघितलं. मग ते मनगटावरून काढून खिशात टाकलं आणि प्रोग्रामरला म्हणाले, "साचा बदल." नवी आवृत्ती पुढे ढकलली गेली.

एका वाक्यावरून मात्र दोघांची जुंपली. तिनं लिहिलं होतं: 'पहिले काही दिवस तुम्हाला स्वतःचा राग येईल. वेग वाढला की तो कमी होतो.' मदतीच्या पानात राग कसला, असं घाईसाहेबांचं म्हणणं. ती म्हणाली, "येतो. मला आला." वाक्य राहिलं. त्याच्या खाली आणखी एक होतं: 'अंगठ्याचं मूळ दुखू लागलं की थांबा. त्या हाताला आता दोघांचं काम आहे.'

पान तयार झालं, नवी आवृत्ती निघाली, आणि पुढच्या सुट्टीच्या सकाळी मी कपाटावरून लॅपटॉप काढला, धूळ पुसली, नवी आवृत्ती घातली आणि ते पान उघडून टेबलावर ठेवलं. दादा पेपर वाचत होता.

"पान बदललंय," एवढंच म्हणाले मी, आणि स्वयंपाकघरात जाऊन वहिनीसोबत मटार सोलायला बसले. महिना संपत आला होता. पाकीट डब्यांच्या फळीवर उभं होतं, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे न बघता सोलत होतो. वहिनीनं दाणे सालांच्या टोपलीत टाकले आणि सालं पातेल्यात. माझंही तेच चाललं होतं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एक टिचकी. थोड्या वेळानं दुसरी. मग पुन्हा शांत. मग एकेक बटण, इतकं सावकाश, की मध्ये वहिनीचे दोन उसासे मावत होते. ते थांबलं. खुर्ची सरकली आणि दादा दारात आला.

"बारके, हे पान कुणी लिहिलंय?"

"आमच्या ऑफिसातल्या एक बाई आहेत."

"कुठला हात गेलाय त्यांचा?"

"कुठलाच नाही. दोन्ही धड आहेत."

"खोटं बोलू नकोस."

मग मी सगळं सांगितलं. रुमाल, खुर्ची, नाकानं दाबलेलं बटण, टेबलावर आपटलेली मूठ, सगळं. तिला तुझ्याबद्दल काही माहीत नाही हेही सांगितलं. दादानं मान खाली घालून ऐकलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत. आमच्या घरात असं कधी होत नाही.

"माझ्यासाठी नाही केलं तिनं," तो म्हणाला.

"नाही."

"कुणाहीसाठी केलं."

"हो."

त्यानं डाव्या हातानं डोळे पुसले. मग म्हणाला, "पण तिला एक गोष्ट कळलेली नाही. तिला ती कळणं शक्यच नव्हतं. ये इकडे."

आम्ही दोघी त्याच्या मागे गेलो. तो टेबलाशी बसला आणि डाव्या हातानं तिला पत्र लिहू लागला. मी त्याच्या खांद्यामागे उभी राहिले. एक अक्षर, मग दुसरं. मध्येच त्याचा उजवा हात मांडीवरून घसरला, टेबलाच्या कडेवर आदळून बटणांवर पडला आणि पडद्यावर नको ती अक्षरं ओळीनं उमटत गेली. वहिनी पुढे झाली. त्यानं मानेनंच नको म्हटलं. तो हात डाव्या हातानं उचलून बाजूला ठेवला, उमटलेली अक्षरं एकेक करून पुसली आणि जिथे थांबला होता तिथून पुढे लिहू लागला. उन्हाचा तुकडा टेबलावरून भिंतीवर गेला तेव्हा पत्र पूर्ण झालं. ते असं होतं:

'तुमचं पान मिळालं. पहिली ओळ जमली. एक सुधारणा सुचवतो. बांधलेला हात जागेवर राहतो. गेलेला हात जड असतो आणि तो बटणांवर पडतो. म्हणून सगळ्यात आधी हे लिहा: तुमचा न चालणारा हात उशीवर नीट ठेवा. हे मी करून बघितलं आहे.'

खाली त्यानं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. जरा थांबला. वहिनी पदराचं टोक मुठीत धरून पडद्याकडे बघत होती. मग त्यानं अंगठ्यानं पट्टी दाबून धरली आणि नावाखाली, एकही अक्षर न चुकता, आपला हुद्दा लिहिला: प्रोग्रामर, वेळापत्रक विभाग.